त्रेपन्नाव्या वर्षी एव्हरेस्ट बेस कॅम्प

रामेछाप – लुक्ला – फाकदिंग

ऑक्टोबरच्या गर्दीच्या हंगामात लुक्लाकडे जाणारी बरीचशी विमाने काठमांडूऐवजी रामेछाप जिल्ह्यातील मंथलीच्या छोट्या विमानतळावरून सुटतात, त्यामुळे एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकची सुरुवात मध्यरात्रीनंतरच्या चार-पाच तासांच्या वळणावळणाच्या मोटारप्रवासाने होते. या प्रवासात झोप लागत नाही आणि धड जागही राहत नाही. गाडीतले माझे सगळे सोबती तिशीच्या अलीकडचे किंवा फार तर जरा पलीकडचे होते. मी त्रेपन्न वर्षांची. पुढच्या सीटवरच्या तरुणाने काठमांडूतच मला ‘काकू’ म्हणायला सुरुवात केली होती आणि मी ते चालवून घेतले होते, कारण वयाचा हिशेब पाहता त्यात चुकीचे काहीच नव्हते.

हिशेब तपासणे हाच माझा पेशा आहे. समोर आलेल्या प्रत्येक आकड्यावर आधी संशय घ्यायचा, या सवयीवर माझे घर चालले आहे आणि हिमालयात जाण्याची इच्छाही मी इतकी वर्षे त्याच सवयीने तपासून नामंजूर करत आले. महाविद्यालयात असताना एका गिर्यारोहकाने दाखवलेल्या स्लाइड्समध्ये एव्हरेस्टच्या पायथ्याची खुंबू हिमनदी पाहिली होती, तेव्हापासूनची ही इच्छा. त्यानंतर लग्न, मुलगी, गृहकर्ज, सासूबाईंचे लांबलेले आजारपण, मुलीची बारावी अशी कारणे ओळीने येत गेली. अशा कारणांना सबबी म्हणण्याची हल्ली पद्धत पडली आहे. मला ती मान्य नाही. ती कारणे खरी होती आणि त्या त्या वर्षी मी दुसरे काही करायला हवे होते, असे मला आजही वाटत नाही. पंचाईत झाली ती कारणे संपल्यावर. मुलगी नोकरीला लागली, कर्ज फिटले, आणि इतकी वर्षे कारणांखाली झाकून राहिलेली भीती उघडी पडली. ती उंचीची होती, थंडीची होती, आणि सगळ्यांत मोठी म्हणजे चारचौघांत हसे होण्याची होती.

प्रौढ वयात एखादी अवघड गोष्ट नव्याने करायला घेताना जे धैर्य लागते, त्यातला बराचसा भाग या शेवटच्या भीतीवर खर्च होतो, असे माझे मत आहे. सरावासाठी पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घालून मी इमारतीचे जिने चढू लागले, तेव्हा सुरुवातीला रात्री दहानंतरच चढत असे. पाचव्या मजल्यावरच्या आजोबांनी एकदा दार उघडून विचारले, “लिफ्ट बंद आहे का?” मी एव्हरेस्टच्या पायथ्याशी जायची तयारी करते आहे, हे त्यांना सांगायला जेवढे बळ एकवटावे लागले, तेवढे पुढे पैसे भरताना लागले नाही.

लुक्लाची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांबीची आणि जवळपास १२ टक्के चढाची आहे. एका टोकाला डोंगर आणि दुसऱ्या टोकाला दरी असल्याने उतरणारे विमान चढावर धावून वेग मारते, तर सुटणारे विमान उतारावर धावून वेग घेते. एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने १९६४मध्ये ही धावपट्टी तयार झाली आणि २००८मध्ये विमानतळाला तेनझिंग-हिलरी यांचे नाव देण्यात आले. चाके टेकली तेव्हा काहींनी टाळ्या वाजवल्या. माझे हात समोरच्या सीटची कड सोडायला तयार नव्हते. लुक्ला २,८४५ मीटरवर आहे आणि पहिल्या दिवशी वाट एकंदरीत उतरतच २,६१० मीटरवरच्या फाकदिंगला जाते. पहिल्याच चहाच्या थांब्यावर आमच्या शेर्पा वाटाड्याने सगळ्यांना बजावले, “यहाँ जल्दी पहुँचने का कोई इनाम नहीं है.” तरुण मंडळी हसली. मला मात्र बऱ्याच दिवसांनी कोणीतरी माझ्या बाजूचे बोलते आहे, असे वाटले.

फाकदिंग – नामचे

मोंजो येथे सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाच्या चौकीवर परवाने तपासले जातात. हे उद्यान १९७६मध्ये स्थापन झाले आणि १९७९मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. येथून वाट दूधकोसीच्या कडेने जोरसालेला उतरते आणि नदीच्या पात्रातून थोडे चालल्यावर मान वर करावी लागते, कारण जिथे भोटेकोसी आणि दूधकोसी एकत्र येतात, तिथे दोन कड्यांना जोडणारे दोन झुलते पूल एकावर एक टांगलेले दिसतात. खालचा जुना आहे आणि आता वापरात नाही. जायचे असते ते वरच्या पुलावरून.

या पुलाची छायाचित्रे मी घरी इतक्या वेळा पाहिली होती की त्यावरच्या पताकांचे रंगही पाठ झाले होते, पण त्याचा आवाज छायाचित्रात नव्हता. वारा दरीतून वर येतो, तारांना बांधलेल्या शेकडो पताका आणि खादा, म्हणजे श्रद्धेने बांधलेली लांब वस्त्रे, एकाच वेळी फडफडतात आणि त्या आवाजात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. पायाखाली लोखंडी जाळी आहे, आणि जाळीतून नदी दिसते. आम्ही पोहोचलो तेव्हा पलीकडून खेचरांचा तांडा येत होता. पुलावर जनावरे असताना चढायचे नाही, हा इथला शिरस्ता आहे, त्यामुळे आणखी दहा मिनिटे थांबावे लागले, आणि भीतीला वाढायला तेवढा वेळ पुरतो.

वाटाड्या पुढे झाला आणि त्याच्या सॅकचा लाल पट्टा माझ्या डोळ्यांसमोर आला. त्या पट्ट्यावर एके ठिकाणी शिवण उसवली होती आणि ती काळ्या दोऱ्याने, जाड सुईने, घाईघाईत पुन्हा घातली होती. टाके तिरपे पडले होते आणि शेवटच्या टाक्याचा दोरा कापायचा राहून गेला होता. मी तो लोंबता दोरा पाहत पूल ओलांडला. पलीकडे पोहोचल्यावर भीती संपली, असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. ती संपली नाही. पुढच्या प्रत्येक झुलत्या पुलावर ती तेवढीच होती. फरक एवढाच पडला की तिची हजेरी मला आधीच धरून चालता येऊ लागले, आणि भीती घालवण्याच्या नादात जी वर्षे गेली ती घालवायची गरज नव्हती, हे कळले.

पुलानंतर नामचेपर्यंत सुमारे ६०० मीटरची सलग चढण आहे. गटातले दोघे-तिघे शर्यत लावल्यासारखे पुढे गेले. मी चार पावलांना एक श्वास अशी चाल धरली आणि ती तशीच ठेवली. टोपडांडा येथे झाडांच्या फटीतून एव्हरेस्टचे पहिले दर्शन होते. तिथे टेकून बसलेल्या एका भारवाहकाच्या पाठीवर आमच्यापैकी तिघांच्या पिशव्या एकत्र बांधलेल्या होत्या. तो माझ्याच वयाचा असावा. ज्याला आपण इतक्या कौतुकाने स्वप्न म्हणतो, ते दुसऱ्या कोणाचे तरी हंगामी काम असते आणि त्याला त्यात धाडस वगैरे दिसत नाही, याची जाणीव असली म्हणजे स्वतःविषयी बोलताना आवाज आपोआप थोडा खाली येतो.

नामचे येथील थांबा

नामचे ३,४४० मीटरवर, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या उतारावर वसलेले आहे. येथे एक पूर्ण दिवस थांबायचे असते, आणि या थांब्याला विश्रांतीचा दिवस म्हणत असले तरी त्या दिवशीही चढायचे असतेच. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची दररोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, असा गिर्यारोहण वैद्यकाचा सर्वमान्य संकेत आहे. दिवसा वर जाऊन यायचे आणि झोपायला खाली यायचे, म्हणजे विरळ हवेशी शरीराची ओळख होते. पहिल्या दिवसांत श्वास आणि नाडी वाढतात, मूत्रपिंडे रक्तातील आम्ल-अल्कलीचा तोल सावरू लागतात, आणि रक्तातील तांबड्या पेशी वाढायला तर त्याहूनही बराच अधिक काळ लागतो. यातली कोणतीही क्रिया इच्छाशक्तीने लवकर होत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, उत्तम शारीरिक क्षमता असलेल्या माणसाला उंचीचा त्रास होत नाही, हा समज चुकीचा आहे; दमसास उत्तम असलेला माणूस वेगाने चढतो, आणि वेगाने चढणे हेच त्रासाचे मुख्य कारण असते.

सकाळी आम्ही ३,८८० मीटरवरच्या एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत चढलो आणि तिथून खुमजुंगला उतरलो. हिलरी यांनी १९६१मध्ये सुरू केलेली शाळा या गावात आहे; आम्ही गेलो तेव्हा मुले मैदानात खेळत होती, आणि ज्या उंचीवर मला बुटाची नाडी बांधायला वाकल्यावर धाप लागत होती, तिथे ती चेंडूमागे पळत होती.

संध्याकाळी लॉजच्या जेवणघरात बोटाला ऑक्सिमीटर लावून प्रत्येकाचा आकडा वहीत लिहिण्याचा कार्यक्रम झाला. तरुणांनी लगेच त्याची स्पर्धा केली. माझा आकडा मधला होता, त्यामुळे माझ्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही, आणि हिशेबनिसाला याहून सुखाची जागा नसते.

त्याच वेळी एकीने मला विचारले, की एवढीच आवड होती तर गिर्यारोहणाचा रीतसर अभ्यासक्रम का केला नाही. उत्तर सोपे होते: मी चौकशी केली तेव्हा मूलभूत अभ्यासक्रमांना वयाची वरची मर्यादा असल्याचे कळले होते, आणि मी ती कधीच ओलांडली होती. काही दारे वयाने खरोखरच बंद होतात. ‘वय हा केवळ आकडा आहे’ हे वाक्य ज्यांनी कधी असा अर्ज भरला नाही, त्यांना शोभते. पण बंद दारांच्या यादीत नसलेल्या गोष्टीही आपण बंद समजून चालतो, हा त्याचा दुसरा भाग. जमशेदपूरच्या प्रेमलता अग्रवाल या दोन मुलींच्या आई. पस्तिशी उलटल्यानंतर डालमा टेकड्यांवरच्या एका स्पर्धेपासून त्यांची सुरुवात झाली, बचेंद्री पाल यांच्या मार्गदर्शनाखाली त्या घडल्या आणि २०११मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी, एव्हरेस्टवर पोहोचल्या. मध्य प्रदेशच्या ज्योती रात्रे यांना २०२३च्या प्रयत्नात माथ्याच्या अलीकडून परतावे लागले, आणि २०२४मध्ये त्या ५५व्या वर्षी माथ्यावर गेल्या. मला माथ्यावर जायचे नव्हते, पायथ्याशीच जायचे होते. तरीही मधल्या काळात घरी भिंतीवर ही दोन नावे मी लिहून ठेवली होती.

नामचे – तेंगबोचे

या दिवसाविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. मिळवलेली सगळी उंची फुंकी टेंगापर्यंत उतरून घालवायची आणि नदी ओलांडून ती पुन्हा चढायची, असा हा दिवस आहे. तेंगबोचेचा मठ १९१६मध्ये स्थापन झाला, १९३४च्या भूकंपात पडला, पुन्हा बांधला गेला, १९८९मध्ये आगीत जळला आणि पुन्हा उभा राहिला. संध्याकाळच्या प्रार्थनेला आम्ही मागच्या बाजूला बसलो. बाहेर आल्यावर आमा दब्लमच्या माथ्यावर उन्हाचा शेवटचा तुकडा होता आणि सगळ्यांचे फोन वर झाले. माझी बोटे गारठली होती, म्हणून मी नुसतीच पाहत राहिले.

दिंगबोचे

पांगबोचेनंतर झाडे संपतात. ४,४१० मीटरवरच्या दिंगबोचेला दगडी कुंपणांनी आखलेली शेते आहेत, आणि येथे हवामानाशी जुळवून घेण्यासाठीचा दुसरा थांबा असतो. गावामागच्या डोंगरावर आम्ही तासभर चढलो. बाकीचे आणखी वर गेले. मी ठरलेल्या उंचीवरून वळले.

दुपार मोकळी मिळाली आणि मला युइचिरो मिउरा यांची आठवण झाली. १९७०मध्ये एव्हरेस्टच्या माथ्याखालच्या साउथ कोल या खिंडीवरून पॅराशूट लावून स्कीने घसरत आलेला हा जपानी माणूस साठीत वजन आणि रक्तदाब वाढवून बसला होता. मग घोट्यांना वजने बांधून आणि पाठीवर ओझे घेऊन त्यांनी चालायला सुरुवात केली, आणि ७०, ७५ व ८० अशा तीन वयांत, म्हणजे २००३, २००८ आणि २०१३मध्ये, ते एव्हरेस्टवर गेले. हृदयावर शस्त्रक्रिया झालेल्या या माणसाने शेवटच्या खेपेला पायथ्यापर्यंतच्या वाटेवर एक साधी युक्ती केली: इतरांची एका दिवसाची मजल दोन दिवसांत करायची, अर्धा दिवस चालायचे आणि उरलेला अर्धा दिवस विश्रांती घ्यायची. परतताना दुसऱ्या कॅम्पवरून त्यांना हेलिकॉप्टरने खाली आणले गेले. त्यावर काहींनी नाके मुरडली. मला त्या अर्ध्या दिवसाच्या मजलेइतके धीट काही वाटत नाही, कारण आपण म्हातारे झालो आहोत हे मान्य करून, त्या मान्यतेवरच बेत आखायला फार मोठे काळीज लागते. धाडसी माणूस म्हटला की त्याने सावधपणा झुगारलेला असतो, असे आपल्या डोक्यात का बसले आहे, कळत नाही. माझ्याजवळ भांडवल म्हणून जे होते ते सावधपणाच होते; इतकी वर्षे ते घरी राहण्यासाठी वापरले आणि आता चालण्यासाठी वापरत होते.

थुकला – लोबुचे

थुकलाच्या चहाघरानंतरची चढण लहान आहे, पण ती ४,६२० मीटरवर सुरू होते. वर, साधारण ४,८३० मीटरच्या खिंडीत, एव्हरेस्ट परिसरात मृत्यू पावलेल्यांची दगडी स्मारके आहेत. १९९९मध्ये कृत्रिम प्राणवायूशिवाय एव्हरेस्टच्या माथ्यावर २१ तास काढणारे आणि २००१मध्ये हिमभेगेत पडून गेलेले बाबू छिरी शेर्पा यांचे स्मारक येथे आहे, १९९६च्या एव्हरेस्टवरच्या दुर्घटनेत गेलेले अमेरिकन गिर्यारोहक स्कॉट फिशर यांचेही आहे. तेथे उभी असताना मिन बहादूर शेरचन यांचा विचार मनात आला. २००८मध्ये ७६व्या वर्षी त्यांनी एव्हरेस्ट सर केले, मिउरांनी तो वयाचा विक्रम मोडला, आणि तो परत मिळवण्यासाठी निघालेले शेरचन २०१७च्या मे महिन्यात ८५व्या वर्षी बेस कॅम्पवरच वारले. त्यांनी जायला नको होते का? घरातील माणूस म्हणून विचारले तर माझे उत्तर एक येईल आणि त्यांच्या जागी बसून विचारले तर दुसरे, आणि मला वाटते दोन्ही उत्तरे जपून ठेवावीत.

लोबुचेला पोहोचल्यावर, नामचेच्या चढणीवर सगळ्यांत पुढे असलेल्या तरुणाने जेवण टाकले. डोके दुखते आहे, पण ते उन्हाने, असे तो म्हणाला. रात्री त्याला उलट्या झाल्या. वाटाड्याने त्याला जेवणघरातल्या शेणीच्या शेगडीजवळ उभे केले आणि एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाची बोटे टेकवत सरळ रेषेत चालायला सांगितले. तो चालला, पण दोनदा हात पसरावे लागले. अशा वेळी दिसणारी तोल जाण्याची खूण मेंदूवर सूज येण्याची असू शकते आणि त्यावर खाली उतरणे हाच खरा इलाज असतो. पहाटेची वाट न पाहता मदतनीस वाटाड्याबरोबर, डोक्याला विजेऱ्या लावून, त्याला फेरिचेच्या दिशेने उतरवण्यात आले. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना हंगामात सुरू असतो. जाताना तो माझ्यापाशी थांबून म्हणाला, “काकू, मी जिममध्ये रोज दीड तास असतो हो.” त्याच्या आवाजात तक्रार होती, आणि ती कोणाविरुद्ध करावी हे त्याला कळत नव्हते. मी त्याच्या सॅकची छातीवरची पट्टी लावून दिली. दुसरे काय करणार?

गोरक्षेप – बेस कॅम्प

लोबुचेहून गोरक्षेप (५,१६४ मीटर) आणि तिथे सामान टाकून बेस कॅम्प (५,३६४ मीटर) हा सगळ्यांत लांब वाटणारा दिवस. येथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. वाट खुंबू हिमनदीच्या कडेच्या दगडगोट्यांवरून वरखाली होत राहते, आणि दर वेळी खाली उतरताना आता हे पुन्हा चढायचे आहे, याचा राग येतो. मी सर्वांत शेवटी पोहोचले. एव्हरेस्टवर चढाईचा मुख्य हंगाम एप्रिल-मे असल्याने ऑक्टोबरात तंबूंची वसाहत नव्हती. करडे दगड, त्यांच्याखाली मधूनच उघडा पडलेला निळसर बर्फ, आणि समोर कोसळता कोसळता थांबल्यासारखा खुंबूचा हिमप्रपात. बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचा माथा दिसत नाही, हे अनेकांना तेथे गेल्यावर कळते आणि ते खट्टू होतात. मला ते आधी माहीत होते आणि त्याचे काही वाटले नाही. महाविद्यालयातल्या त्या स्लाइडमध्येही माथा नव्हता, हिमनदीच होती. मी हातमोजा काढून दगडाखालच्या बर्फाला बोट लावले. त्यावर बारीक वाळू होती, आणि खालून पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता. नाक वाहत होते, पाय दुखत होते, आणि मला भूक लागली होती.

काला पत्थर

माथा पाहायचा तर गोरक्षेपमागच्या काला पत्थरवर जावे लागते. त्याची उंची ५,५०० मीटरहून अधिक आहे. त्याच दिवशी फेरिचेपर्यंत उतरायचे असल्याने आदल्या रात्री मी आणि वाटाड्याने वेळ ठरवली: साडेसात वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचे. मागे फिरण्याची अशी वेळ एव्हरेस्टवरही ठरवतात. १९९६च्या १० मे रोजी अनेक जण ती उलटून गेल्यावरही चढत राहिले. वादळ आले आणि त्या दोन दिवसांत आठ जण गेले. काला पत्थर म्हणजे एव्हरेस्ट नव्हे, हे मलाही कळते. तरीही वेळ ठरवायची ती खाली, डोके थंड असताना, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

पहाटे चारला निघालो. बाटलीतल्या पाण्याच्या वरच्या थरात बर्फ झाला होता. उजाडता उजाडता नुप्त्से शिखराच्या मागून एव्हरेस्टचा काळा त्रिकोण वर आला, आणि जसजसे चढत गेलो तसतसा तो मोठा झाला. साडेसात वाजले तेव्हा वरच्या पताका दिसत होत्या, त्यांच्याजवळ उभ्या असलेल्या आमच्या मंडळींची जॅकेटे रंगांवरून ओळखू येत होती. वाटाड्याने घड्याळाकडे पाहिले आणि तो काही बोलला नाही. माझ्या डोक्यात मात्र एकाहून एक सरस युक्तिवाद सुरू झाले: हवा स्वच्छ आहे, डोके दुखत नाही, इतक्या वर्षांनी आले आहे, पुन्हा कधी येणार. आश्चर्य म्हणजे, न निघण्यासाठी जी कारणे मी वर्षानुवर्षे जुळवली, तितक्याच सफाईने न थांबण्याची कारणे आता जुळत होती. मी फिरले. मला शांत वगैरे वाटले नाही; निम्म्या उतारापर्यंत मी चरफडत होते. तेनझिंग १९५२मध्ये स्विस गिर्यारोहक रेमंड लँबर्टबरोबर एव्हरेस्टवर सुमारे ८,६०० मीटरवरून परत फिरले, तेव्हा त्यांना काय वाटले असेल, याचा विचार करत उतरले. १९३५मध्ये पहिल्यांदा या पर्वतावर आलेला तो माणूस १९५३च्या २९ मे रोजी माथ्यावर पोहोचला, तेव्हा त्यांची ती सातवी मोहीम होती आणि वय ३९ होते. एवढ्या थोर माणसाचा आधार माझ्या एवढ्याशा माघारीला घेणे हास्यास्पद आहे, पण त्या उतारावर तो उपयोगी पडला.

उतरण आणि लुक्ला

उतरताना उंचीचा त्रास कमी होतो आणि गुडघ्यांचा सुरू होतो. फेरिचे, नामचे, लुक्ला अशा मोठ्या मजला झाल्या; श्वास परत आला, भूक परत आली आणि नामचेला गरम पाण्याने अंघोळ मिळाली.

लुक्लाला दरीतून ढग वर आले आणि दुपारनंतरची उड्डाणे थांबली. लोबुचेहून उतरवलेला तरुण तेथे आमची वाट पाहत होता. फेरिचेला उतरल्यावर एका दिवसात त्याला बरे वाटले होते. आता राग तेवढा उरला होता. येत्या एप्रिलमध्ये पुन्हा यायचे, असे त्याने ठरवले होते. चहा मागवून झाल्यावर त्याने माझ्या सरावाचे वेळापत्रक मागितले. मी वहीतले पान फाडून लिहून दिले: पहिले सहा महिने नुसते चालणे, वजनाशिवाय, मग जिने आणि वाढते वजन, मग लागोपाठ दोन दिवस सह्याद्रीतले गड, दुसऱ्या दिवशी दुखऱ्या पायांनीही, डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी, आणि वर आल्यावर नामचे व दिंगबोचेला ठरल्याहून एकेक दिवस अधिक.

त्याने कागद वाचला. “काकू, हे पहिले सहा महिने मला लागणार नाहीत. तेवढे काढून टाकतो.”

“ते सोडून बाकीचं काहीही काढ,” मी म्हटले.

त्याला ते पटले नाही. त्याचे म्हणणे असे, की ते सहा महिने माझ्या वयाला ठीक होते. मी म्हटले, फेरिचेच्या दवाखान्यात तुझे वय विचारले होते का? मग तुम्ही पुढच्या वर्षी काय करणार, असे त्याने उलट विचारले. रेंजो ला, चो ला आणि कोंगमा ला या तीन खिंडींची वाट नकाशावर मी पाहून ठेवली आहे, पण आधी गुडघा डॉक्टरांना दाखवणार आणि मग ठरवणार, असे मी सांगितले. दुसऱ्या दिवशी ढग उघडले, आमच्या विमानाचा क्रमांक लागला आणि आम्ही पिशव्या वजनकाट्यावर ठेवल्या, तरी त्या सहा महिन्यांवरचा आमचा वाद मिटलेला नव्हता.